खाली बसणारा चेंडू

एलादिओ रेइनोसोनं वाकून बुटाच्या टोकाशी पडलेला हरभऱ्याएवढा खडा उचलला आणि मागच्या खिशात टाकला. उजवा गुडघा करकरला. नुसताच करकरला, दुखला नाही. परवाच डॉक्टरनं सुई घालून त्यातलं पाणी काढलं होतं आणि आठवडाभर तरी त्रास देणार नाही असं सांगितलं होतं. तरीही सवयीनं त्यानं तिसऱ्या बेसमागच्या बाकांकडे पाहिलं. तिथं बसणाऱ्या एका माणसाला त्याच्या चेहऱ्यावरून गुडघ्याची खबर लागत असे.

"कॉम्पाद्रे," तो माणूस, तोरिबिओ, ओरडून म्हणाला, "असेच वेचत राहिलात तर संध्याकाळपर्यंत घराचा पाया भरेल."

"पाया कधीच भरला. आता भिंतीला लागलोय."

आसपासचे दोन-चार जण हसले. रविवारची दुपार होती. सान पेद्रोच्या त्या जुन्या बेसबॉल मैदानाचे पत्रे तापून कडकड वाजत होते आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला साखर कारखान्याचा करपट वास होता. हंगामातला हा शेवटचा सामना. एलादिओचा कान्येरोस संघ तीन आठवड्यांपूर्वीच स्पर्धेबाहेर पडला होता, तेव्हा आज जिंकून तुरा मिळणार नव्हता की हरून काही बिघडणार नव्हतं. तरी अर्ध्याहून जास्त मैदान भरलं होतं. लोक दोन गोष्टी पाहायला आले होते आणि दोन्ही एलादिओच्या घरच्याच म्हणायच्या.

पहिली गोष्ट तो स्वतः. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही लाल माती म्हणजे शॉर्टस्टॉपची जागा. फलंदाजाचे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट चेंडू इथंच येतात. या जागेवर एलादिओ बेचाळीस सामने एकही चूक न करता उभा होता. बेचाळीसचा विक्रम एका मेलेल्या माणसाच्या नावावर होता, आणि आज त्रेचाळीस झाले की तो मोडणार होता. क्लबचे अध्यक्ष डॉन आन्सेल्मो यांनी चारचौघांत शब्द दिला होता, की विक्रम झाला तर एलादिओला क्लबच्या अकादमीत पोरं शिकवायला कायमचा ठेवायचा. विक्रमवाला माणूस समोर उभा असला की आईबाप विश्वासानं पोरं आणून सोडतात, असं त्यांचं म्हणणं. विक्रम नाही झाला तर एलादिओसाठी मेहुण्याची मोटरसायकल होती. तिच्यावरून बाजार ते बसथांबा प्रवासी वाहायचे. कागदावर त्याचं वय अडतीस होतं. आई चाळीस सांगायची, आणि या गावात वयाच्या बाबतीत आईचंच खरं धरतात. या वयात मोटरसायकलला किक मारायलाही गुडघा लागतोच.

दुसरी गोष्ट नेल्फी. तो तोरिबिओचा मुलगा आणि संघाचा आजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. सराव आटोपून तो मधल्या उंचवट्यावरून खाली आला, एलादिओसमोर थांबला आणि त्यानं टोपी काढून मान झुकवली.

"बेन्दिसिओन, पाद्रिनो."

"देव तुझं भलं करो, पोरा."

नेल्फी तेवीस वर्षांचा बाप्या झाला होता, ओठावर मिशी होती, तरी दिवसातून पहिल्यांदा समोर आला की हा आशीर्वाद मागितल्याशिवाय दुसरा शब्द बोलत नसे. त्याला बाप्तिस्म्याचं पाणी घातलं तेव्हा चर्चमध्ये एलादिओनंच हातांवर धरलं होतं. गावात आणखी चार भली माणसं होती, त्यात एकाचं तर दुकान होतं. पण तोरिबिओनं पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणून मित्रालाच निवडलं. तेव्हा तो पहिल्या बेसवर उभा राहायचा आणि एलादिओनं फेकलेले चेंडू झेलायचा. तो म्हणाला होता, "ज्याच्या हातून चेंडू सुटत नाही, त्याच्या हातून पोर कसं सुटेल?" त्या दिवसापासून दोघा मित्रांचं अरे-तुरे संपलं. पोराचा बाप आणि पाद्रिनो, असे कॉम्पाद्रे झालेले दोघे एकमेकांना अहो-जाहो करतात. पुढे तोरिबिओ कारखान्यात गेला, पट्ट्यात बोटं सापडून डावा हात अधू झाला, आणि तेव्हापासून तो तिसऱ्या बेसमागच्या बाकाचा धनी झाला.

"ते आलेत," नेल्फी हळूच म्हणाला.

होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या मागे जाळीला लागून दोन माणसं बसली होती. एक जाडा, एक चष्मेवाला. उत्तरेकडच्या मोठ्या संघासाठी खेळाडू निवडणारे पारखी. मांडीवर चेंडूचा वेग मोजायचं यंत्र. नेल्फीला पाहायला ते दुसऱ्यांदा आले होते. तेविसाव्या वर्षी एखाद्या पिचरला बघायला कुणी तिसऱ्यांदा येत नाही, हे नेल्फी आणि एलादिओ दोघांनाही ठाऊक होतं.

"येऊ देत की. तू तुझा खालचा टाक."

"खालचाच टाकणार. मारू देत त्यांना. मागे तुम्ही आहात."

हे तो प्रत्येक सामन्याआधी म्हणायचा. त्याच्या चेंडूला फार वेग नव्हता. पण तो फलंदाजापाशी पोचता पोचता एकदम खाली बसायचा. मग मारणाऱ्याची बॅट वरच्या बाजूला घासायची आणि चेंडू जमिनीवरून सरपटत शॉर्टस्टॉपकडे जायचा. हा चेंडू नेल्फीनं कुणा शिक्षकाकडून घेतला नव्हता. उसाच्या कापलेल्या शेतात, दुधाच्या खोक्याचा ग्लोव्ह करून पाद्रिनोबरोबर खेळताना त्यानं तो स्वतः शोधला होता. ज्याच्या मागे असे हात उभे आहेत त्यानं बॅट चुकवायला कशाला जायचं, एवढाच त्यामागचा विचार. बाकीचे पिचर फलंदाजाला चकवायला शिकले. हा आपल्या माणसाकडे चेंडू पाठवायला शिकला.

नेल्फी गेला. चेंडू आडवातिडवा उडू नये म्हणून एलादिओनं आणखी दोन खडे उचलले. तेवढ्यात प्रशिक्षक गेर्मान मातीवरून चालत आला आणि पाठीवर थाप मारायचं निमित्त करून कानाशी वाकला.

"आज शहाणपणा नको. चेंडू घरी आला तर घे. शोधायला जाऊ नकोस."

"मी कधी जातो शोधायला?"

गेर्माननं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दुसरीकडे थुंकला. "तेच म्हणतोय," तो म्हणाला.

एके काळी तो जायचा. एके काळी तेच त्याचं सगळं होतं. सोळाव्या वर्षी उत्तरेकडच्यांनी त्याला उचलला तो या पायांमुळे आणि या हातांमुळे. इतरांना जो चेंडू नुसता दिसायचा, त्याच्यामागे हा आधीच निघालेला असायचा. बॅटीशी मात्र त्याचा छत्तीसचा आकडा. "हात देवानं दिलेत, बॅट सावत्र आईनं," असं तिथला एक म्हातारा प्रशिक्षक म्हणायचा. अकरा वर्षं परक्या गावांच्या बसमध्ये झोपण्यात गेली आणि त्यातले अकरा दिवस तो वर, खऱ्या मोठ्या संघात होता. त्या अकरा दिवसांत एकोणीस वेळा बॅट हातात घेतली, दोनदा चेंडू लागला, त्यातला एक बॅट घाबरून पुढे आली म्हणून. बाराव्या दिवशी त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी निघाली. गावी परतल्यावर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, पण तेही आपल्या पद्धतीनं. तो बॅटिंगला आला की बाकं रिकामी व्हायची आणि यानिकेकेच्या गाड्यावर रांग लागायची. तो मैदानात उतरला की तेच लोक तळलेली पोळी तोंडात कोंबत धावत परत यायचे.

आणि चुका? चुका त्याच्या नावावर ढिगानं होत्या. हे अन्यायाचं होतं, पण खेळाचा नियमच तसा. चेंडू हाताला लागून सुटला की चूक. हाताला लागलाच नाही तर तो फलंदाजाचा चांगला फटका, आणि त्यावर धाव निघाली तर ती पिचरच्या माथी. जो धावून धावून अवघड चेंडूंपर्यंत पोचतो त्याच्याच हातून ते सुटणार. जो जागचा हलत नाही त्याचं पान कोरं.

कोऱ्या पानाची ही खुबी एलादिओला यंदा डिसेंबरात कळली. उजव्या बाजूला, तिसऱ्या बेसकडच्या मोकळ्या पट्टीत, जिला इथले खेळाडू बोळ म्हणतात, तिथं एक चेंडू गेला आणि गुडघ्यानं ऐन वेळी काखा वर केल्या. चेंडू हातभर लांबून निघून गेला. आता शिव्या पडणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. शिव्या पडल्या नाहीत. गुणांच्या बोर्डावर फटका म्हणून नोंद झाली, पिचरनं खांदे उडवले, खेळ पुढे गेला. पुढच्याच डावात त्यानं अगदी पायाशी आलेला साधा चेंडू उचलून फेकला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्याला आधी हसू आलं आणि मग घरी जाऊन जेवण गेलं नाही. दुसऱ्या वेळी गुडघा दुखत होता, पण बहुधा गेला असता. तिसऱ्या वेळी त्यानं गुडघ्याला विचारलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सामने वाढत गेले, वर्तमानपत्रात आकडा येऊ लागला. ज्यांच्या नावावर ते जादाचे फटके लागले त्यांतल्या एका पिचरला जानेवारीत घरी पाठवलं. जाताना त्यानं एलादिओशी हात मिळवला आणि विक्रमासाठी शुभेच्छा दिल्या. पण ते सगळे परके पिचर होते. मनाची समजूत घालायला तेवढं पुरत होतं. नेल्फीच्या सामन्यांत बोळात अजून काही गेलं नव्हतं. त्याचे चेंडू सरळ यायचे, घरी आल्यासारखे.

आजही आले. पहिल्या डावात दोन, तिसऱ्यात एक, चौथ्यात दोन. एलादिओ अलगद वाकायचा, चेंडू ग्लोव्हमध्ये यायचा, निघून पहिल्या बेसला जायचा. चेंडू बोटांत कधी आला आणि कधी सुटला हे कळू नये, अशी त्याची फेक. लोक दर वेळी मोठ्यानं मोजत होते. विरुद्ध संघाला सहा डावांत एकही धाव नव्हती, कान्येरोसला एक होती. जाळीमागचा जाडा पारखी पुढे सरकून बसला होता. चष्मेवाला वहीत लिहीत होता आणि लिहिताना मान डोलवत होता.

सहाव्या डावात एलादिओ बॅटिंगला आला, तीन चेंडूंत बाद झाला आणि परतला.

"कॉम्पाद्रे," तोरिबिओ ओरडला, "मी अजून रांगेत उभासुद्धा राहिलो नव्हतो. जरा तरी वेळ काढा."

"उद्यापासून बॅट घरी नेतो. बायकोला प्लॅटानोची केळी कुटायला होईल."

"नको. नेम चुकून बोटावर बसेल तिच्या."

हशा पिकला. एलादिओही हसला. नेल्फी बाकावर शेजारी बसला होता, उजव्या हातावर टॉवेल गुंडाळून. तो हसला नाही. त्याचं लक्ष जाळीमागे होतं आणि ओठ हलत होते. प्रार्थना असेल किंवा उरलेले गडी मोजत असेल. एलादिओनं त्याच्या मानेवर हात ठेवला. मान घामानं थंड झाली होती.

"अजून थोडं," एलादिओ म्हणाला. "झालंच समज."

"तुमचंही," नेल्फी म्हणाला.

सातवा डाव. दोन गडी बाद झाले. मग एकाचा उंच फटका मागे पडला आणि तो दुसऱ्या बेसवर जाऊन थांबला. पुढचा फलंदाज आडव्या अंगाचा, बैलाच्या मानेचा. नेल्फीनं दुसऱ्या बेसकडे पाहिलं, मग मान वळवून एलादिओकडे पाहिलं, आणि खालचा टाकला.

चेंडू बसला. बॅट वरून घासली. चेंडू जमिनीवरून निघाला, फार जोरात नाही, आणि बोळाकडे वळला.

एलादिओला तो बॅटीवरून सुटायच्या आधीच कळला होता. उजवीकडे तीन पावलं, चौथं रोवायचं, ग्लोव्ह उलटा करून खालून घ्यायचा आणि पडता पडता अंगावरून पहिल्या बेसला फेकायचा. असे हजार फेकले असतील. पाय निघालाही. गुडघा चालत होता. गुडघा आज नव्यासारखा होता, हे पुढे कितीही वेळा मनात घोळवलं तरी त्याला नाकारता आलं नाही. पण तिसऱ्या पावलाला त्याला ती फेक दिसली, घामेजल्या हातातून सुटून पहिल्या बेसच्या डोक्यावरून जाणारी. बोर्डावर चूक दाखवायला पेटलेला दिवा दिसला, आणि मेहुण्याची मोटरसायकल. त्यानं पाऊल अर्धं केलं. आणि मग तो झेपावला. फार सुंदर झेपावला, अंग पूर्ण लांब करून, ग्लोव्ह उघडा, तोंड मातीत. वीस वर्षांत मिळवलेलं सगळं कसब त्या झेपेत होतं. फक्त ती एका श्वासानं उशिरा होती. चेंडू ग्लोव्हपासून चार बोटांवरून गेला.

दुसऱ्या बेसवरचा गडी धावत होम प्लेटला पोचला. एक-एक.

"अरेरे," असा आवाज बाकांवरून उठला आणि मग टाळ्या. प्रयत्नाला टाळ्या. बोर्डावर फटका लागला. एलादिओ उठून मांडीची माती झटकू लागला. तिसऱ्या बेसमागे सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तोरिबिओ बसूनच होता. अधू हातानं टाळी नीट वाजत नसे हे खरं. पण एरवी तो मांडीवर थापटायचा.

नेल्फीनं मागे वळून पाहिलं. पाद्रिनोकडे, मग त्याच्या गुडघ्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते एलादिओला ओळखता आलं नाही. राग असता तर सोपं झालं असतं. नेल्फीनं टोपी काढून कपाळ पुसलं आणि तो उंचवट्यावर परत गेला.

आणि त्यानंतर त्यानं खालचा टाकलाच नाही.

पहिला चेंडू वर गेला तेव्हा एलादिओला वाटलं, हातातून निसटला असेल. दुसराही वर गेला. कॅचरनं ग्लोव्ह जमिनीशी धरला, खुणा केल्या, नेल्फीनं मान हलवून नाही म्हटलं. त्याचा खालचा चेंडू बाजूला काढला तर उरत होता तो एक साधा, सरळ, मध्यम वेगाचा चेंडू. असा चेंडू फलंदाजाला छातीच्या उंचीला देणं म्हणजे ताटात वाढून देणं. फलंदाजांनी हात धुवून घेतले. एक फटका भिंतीला लागला. दुसरा भिंतीपलीकडे गेला. चेंडू एलादिओच्या डोक्यावरून जात होते आणि त्याला मान वळवण्यापलीकडे काम नव्हतं. चौथी धाव, पाचवी.

"काय झालंय काय त्याला?" जाळीमागून जाड्या पारख्याचा आवाज आला. "खाली टाक म्हणावं."

एलादिओला वाटलं, आपल्याला कळलंय काय झालंय ते. पोरानं पाहिलं. पोराचा आता आपल्यावर विश्वास उरला नाही. ज्याच्याकडे चेंडू पाठवायला शिकला त्याच्याकडे आता पाठवणार नाही. ते बरोबरच होतं, आणि त्या बरोबर असण्यात एक प्रकारची सुटकाही होती. शिक्षा झाली म्हणजे निदान गुन्हा कुणीतरी पाहिला. उंचवट्यावर जाऊन काहीतरी बोलावं म्हणून तो दोन पावलं गेला. नेल्फीनं हातानंच त्याला परत जायची खूण केली.

शेवटी एक चेंडू उंच उडाला आणि कुणीतरी तो झेलला. डाव संपला. जाड्या पारख्यानं यंत्र पिशवीत घातलं. चष्मेवाल्यानं वही मिटली. दोघं यानिकेकेच्या गाड्यापाशी थांबले, एकेक घेतली आणि खात खात फाटकाबाहेर गेले.

आठव्या डावात गेर्माननं दोघांनाही बाहेर काढलं. नेल्फीला कारण त्याचा दिवस संपला होता, एलादिओला कारण पान कोरं होतं आणि ते कोरंच राहायला हवं होतं. भोंग्यावरून त्रेचाळीसचा आकडा पुकारला गेला. अकॉर्डियन आणि ढोलवाले तयारच होते. डॉन आन्सेल्मो पांढऱ्या कपड्यांत मैदानात आले आणि अकादमीची नवी टोपी त्यांनी स्वतःच्या हातानं एलादिओच्या डोक्यावर ठेवली.

"सामना संपला की बाहेर गाडीवर उभा राहायचं," ते म्हणाले. "चौकापर्यंत मिरवत नेणार तुला. हे हात म्हणजे गावाची इज्जत."

कपडे बदलायच्या खोलीत नेल्फी एकटाच होता. कोपराला बर्फाची पिशवी बांधून बाकावर बसला होता. बाहेर सामना चालू होता. अधूनमधून पत्र्यावर पाय आपटल्याचा आवाज येत होता. एलादिओ समोर बसला. नवी टोपी काढून त्यानं बाजूला ठेवली. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं.

"गेले ना ते?" नेल्फीनं विचारलं.

"गेले."

"हं."

"नेल्फी, तू नंतर खालचा टाकला नाहीस."

"नाही."

"तो बोळातला..."

"तो कुणाच्या हाती लागला नसता, पाद्रिनो. तुम्ही झेपावलात हेच खूप झालं." त्यानं बर्फाची पिशवी जरा सरकवली. "तुमचा गुडघा गेला ना तेव्हा? मी बघितलं. पाऊल अर्ध्यावर थांबलं तुमचं."

एलादिओनं गुडघ्याकडे पाहिलं.

"मग मी म्हटलं, आता खालचा टाकला तर तो पुन्हा तुमच्याकडेच येणार. असल्या गुडघ्यावर. एखादा सुटला असता म्हणजे बेचाळीस सामन्यांवर पाणी. म्हणून वर टाकले. वरचे तुमच्याकडे येत नाहीत." तो खाली पाहत होता. जणू एखादी किरकोळ गोष्ट सांगावी तसं बोलत होता. "मला वाटलं, वरच्यावरही निभावेन. एवढं मारतील असं नव्हतं वाटलं."

"तुला कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"सांगायला कशाला पाहिजे?" नेल्फीनं वर पाहिलं. "नंतर एकही नाही आला ना तुमच्याकडे?"

"नाही."

"मग झालं. दोघांतलं एकाचं तरी झालं."

एलादिओचा हात मागच्या खिशाकडे गेला. खडे तिथंच होते. खरं सांगायचं तर ते आत्ता, याच श्वासात सांगायला हवं होतं, की गुडघा गेला नव्हता, गुडघा ठणठणीत होता. त्यानं तोंड उघडलं. नेल्फी उठून त्याच्यासमोर उकिडवा बसला होता. त्यानं स्वतःच्या कोपराची पट्टी सोडली, बर्फाची पिशवी काढली आणि एलादिओच्या उजव्या गुडघ्यावर ठेवून तीच पट्टी गोल गोल गुंडाळू लागला. घट्ट, नीट, गाठ बाहेरच्या बाजूला.

"तुझ्या हाताला राहू दे," एलादिओ म्हणाला.

"माझ्या हाताला आता काय घाई?"

गाठ मारून झाली. नेल्फी तिथंच खाली बसून राहिला आणि त्यानं मान झुकवली. सामन्याआधी एकदा झालं होतं, दिवसातून एकदाच मागतात. पण निरोप घेतानाही मागायची पद्धत आहे, लांब जाणारा माणूस मागतो.

"बेन्दिसिओन, पाद्रिनो. उद्या बाबांबरोबर कारखान्यात जातोय. जागा आहे म्हणत होते."

एलादिओनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस अजून ओले होते. तेवीस वर्षांपूर्वी हेच डोकं याच तळव्यात मावलं होतं.

"देव तुझं भलं करो," तो म्हणाला. शब्द बाहेर आले, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

नेल्फीनं पिशवी उचलली आणि तो मागच्या दारानं निघून गेला. बाहेर सामना संपल्याचा भोंगा झाला. अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं आणि लोक त्याच्या नावानं पाय आपटू लागले. एलादिओनं नवी टोपी घातली. गुडघ्याची पट्टी सोडायला तो वाकला. गाठ बोटांना लागली, तशीच राहू दिली, आणि तो उभा राहिला.

पुढच्या दारात तोरिबिओ उभा होता. किती वेळ होता कोण जाणे. त्यानं पट्टीकडे पाहिलं, मग एलादिओच्या तोंडाकडे.

"दुखतोय का, कॉम्पाद्रे?" त्यानं विचारलं. थट्टा नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आवाजात थट्टा नव्हती.

"थोडा."

तोरिबिओ वाट देण्यासाठी बाजूला झाला. एलादिओ त्याच्यासमोरून दार ओलांडून उन्हात गेला. गाडीवर फुलं बांधली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिथपर्यंत पंचवीस-तीस पावलं होती. ती सगळी तो उजवा पाय ओढत, लंगडत चालत गेला.